टर्मिनलमधून फोल्डरची खिडकी: ‘दाखव’ आज्ञेच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

वाचनालयातील जुन्या दिवाळी अंकांच्या स्कॅनिंगमध्ये पानांची तपासणी करणारी स्क्रिप्ट आता नीट चालू लागली आहे. दर संध्याकाळी ती दिवसभरात स्कॅन झालेली पाने पाहते आणि तिरकी आलेली, कडेला कापली गेलेली किंवा धूसर पाने निवडून त्यांच्या फाइलींचे मार्ग टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टंकून संगणक चालवण्याच्या खिडकीत, छापते. अडचण त्यानंतर सुरू होते. तपासणीला बसलेल्या व्यक्तीला तो लांबलचक मार्ग वाचून फाइल मॅनेजर उघडावा लागतो आणि वर्ष, अंक, विभाग असे फोल्डर एकामागून एक उघडत त्या पानापर्यंत पोहोचावे लागते. आज घड्याळ लावून पाहिले तेव्हा एका पानामागे जवळजवळ पाऊण मिनिट केवळ शोधण्यात गेले.

स्क्रिप्टने ती प्रतिमा सरळ चित्रदर्शकात उघडून द्यावी, असे प्रथम मनात आले होते, पण ग्रंथपालांशी बोलल्यावर तो विचार सोडला. एकटे पान पाहून त्यांना फारसे कळत नाही. त्याच्या मागचे आणि पुढचे पान शेजारी लहान आकारात दिसले, तरच पान सुटले आहे की दोनदा स्कॅन झाले आहे हे ध्यानात येते. म्हणून त्या पानाचा फोल्डर खिडकीत उघडावा, नेमकी तीच फाइल निवडलेली दिसावी आणि शेजारची पानेही समोर असावीत, अशी ‘दाखव’ नावाची एक छोटी आज्ञा लिहायचे ठरले.

संगणक तीन प्रकारचे आहेत. स्कॅनरला जोडलेला संगणक उबुंटू २४.०४ वर चालतो, ग्रंथपालांचा लॅपटॉप विंडोजचा असून त्यात स्क्रिप्टसाठी विंडोजमधील लिनक्स, म्हणजे डब्ल्यूएसएल, बसवले आहे आणि माझ्या घरी मॅक आहे. आज्ञा तिन्हीकडे एकाच नावाने आणि एकाच पद्धतीने चालली पाहिजे.

७ जानेवारी २०२५, मंगळवार

मॅकचे काम अर्ध्या तासात झाले. तिथे ‘ओपन’ ही आज्ञा नेक्स्टस्टेप या मॅकच्या पूर्वज प्रणालीच्या काळापासून चालत आलेली आहे. तिच्यापुढे चालू फोल्डरचा टिंब दिला की फाइंडर या मॅकच्या फाइल मॅनेजरची खिडकी उघडते आणि मोठ्या लिपीतील ‘आर’चा पर्याय जोडून फाइलचा मार्ग दिला की ती फाइल निवडलेल्या अवस्थेत दिसते. आम्हाला हवे तेच, एका ओळीत.

९ जानेवारी २०२५, गुरुवार

लिनक्सवर अशी एकच एक आज्ञा नाही, कारण डेस्कटॉपच अनेक आहेत. ग्नोम या डेस्कटॉपवर नॉटिलस हा फाइल मॅनेजर असतो, केडीईवर डॉल्फिन, एक्सएफसीईवर थुनार आणि सिनॅमनवर नेमो. स्क्रिप्टमध्ये थेट ‘नॉटिलस’ असे लिहिले तर आज काम भागेल, पण उद्या वाचनालयाने एखाद्या जुन्या संगणकावर हलका डेस्कटॉप बसवला की आज्ञा निरुपयोगी ठरेल. या विविधतेवर उपाय म्हणून फ्रीडेस्कटॉप या सामाईक प्रकल्पाच्या छत्राखाली ‘एक्सडीजी-ओपन’ तयार झाली. ती मुळात एक शेल स्क्रिप्टच असल्यामुळे आज तिचा मजकूर संपूर्ण वाचून काढला, आणि तो वेळ सार्थकी लागला असे वाटते. ती स्वतः कोणतीही खिडकी उघडत नाही. कोणता डेस्कटॉप चालू आहे हे ती वातावरणातील चलांवरून, म्हणजे चालू सत्राने नोंदवून ठेवलेल्या मूल्यांवरून, ओळखते आणि मग ग्नोमवर ‘जीआयओ ओपन’कडे, केडीईवर ‘केडीई-ओपन’कडे, एक्सएफसीईवर ‘एक्झो-ओपन’कडे काम सोपवून मोकळी होते. डेस्कटॉप ओळखता आला नाही, तर फाइलचा प्रकार शोधून त्या प्रकारासाठी नेमून दिलेला प्रोग्रॅम ती स्वतः सुरू करते.

या वाचनातून माझा एक मूलभूत गैरसमज दूर झाला. टर्मिनलमधून खिडकी उघडणे म्हणजे एखादा प्रोग्रॅम चालवणे, असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात ती डेस्कटॉपच्या चालू सत्राला केलेली विनंती असते. ती कोणाकडे जाते, कोणत्या रूपातील मार्ग त्याला समजतो आणि त्याचे उत्तर आपल्यापर्यंत परत येते की नाही, या तीन प्रश्नांभोवती उरलेले काम फिरणार, असे दिसते.

पहिल्या प्रश्नाची प्रचीती आजच आली. उबुंटूवर फोल्डर उघडण्याची आज्ञा दिली आणि फाइल मॅनेजरऐवजी एक कोड एडिटर उघडला. फोल्डर हाही लिनक्सच्या दृष्टीने एक प्रकारच असतो आणि त्याचे नाव ‘आयनोड/डिरेक्टरी’ असे आहे. त्या एडिटरने स्थापनेच्या वेळी आपल्या डेस्कटॉप फाइलमध्ये, मजकुराच्या फाइलींबरोबर हाही प्रकार आपल्याला उघडता येतो, असे नोंदवून ठेवले होते. ‘एक्सडीजी-माइम’ला या प्रकाराचा नेमलेला प्रोग्रॅम विचारला तेव्हा उत्तरात एडिटरचेच नाव आले. त्याच आज्ञेने नॉटिलसची डेस्कटॉप फाइल पुन्हा नेमून दिली आणि ती नेमणूक घरच्या फोल्डरातील ‘कॉन्फिग’मध्ये, माइमॲप्सच्या यादीत जाऊन बसली. बदल फक्त त्या वापरकर्त्यापुरता असतो, म्हणून स्कॅनिंगच्या खात्यावर तो वेगळा करावा लागला.

१२ जानेवारी २०२५, रविवार

फोल्डर उघडतो, पण फाइल निवडली जात नाही. ‘एक्सडीजी-ओपन’ला फाइलचा मार्ग दिला तर ती चित्रदर्शक उघडते आणि फोल्डरचा मार्ग दिला तर शेकडो पानांतून हवे ते पान डोळ्यांनी शोधत बसावे लागते. ‘हा फोल्डर उघड आणि त्यातली ही वस्तू दाखव’ असे तिला सांगण्याची सोयच नाही.

ही सोय एक पायरी खाली, डी-बसवर आहे. डी-बस म्हणजे डेस्कटॉपवरील प्रोग्रॅमनी एकमेकांना निरोप पाठवण्याची सामाईक वाहिनी. तिच्यावर फाइल मॅनेजरसाठी फ्रीडेस्कटॉपच्या नावाने ‘फाइलमॅनेजर१’ असा ठरलेला संवादबिंदू असून त्याच्या ‘शोफोल्डर्स’, ‘शोआयटम्स’ आणि ‘शोआयटमप्रॉपर्टीज’ अशा तीन पद्धती आहेत. आम्हाला मधली हवी. नॉटिलस, डॉल्फिन आणि नेमो तिन्ही हा निरोप समजतात, त्यामुळे कोणता फाइल मॅनेजर बसवला आहे हे आमच्या आज्ञेला विचारावेच लागत नाही. फाइल मॅनेजर आधी चालू नसला तर डी-बस त्याला स्वतः जागे करते. मला ही रचना फार आवडली, कारण यात नावाला नव्हे, कामाला हाक मारली जाते.

निरोपात मात्र साधा मार्ग चालत नाही. फाइलचा पूर्ण पत्ता ‘फाइल’ या उपसर्गासह, तीन तिरप्या रेघांनी सुरू होणारा द्यावा लागतो आणि त्यातील रोमन अक्षरे, अंक व काही मोजकी चिन्हे सोडून बाकी सर्व बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन षोडशमान अंकांच्या रूपात लिहावे लागतात. आमच्या फाइलींची नावे देवनागरीत आहेत. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो वा अंक, यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात ३ बाइट घेते आणि प्रत्येक बाइट या रूपात ३ रोमन चिन्हांचा होतो. त्यामुळे ‘पान’ या एवढ्याशा शब्दाची ३ चिन्हे ९ बाइटांची आणि पत्त्यात लिहिताना २७ चिन्हांची होतात. संगणकाला त्याचे काही ओझे नाही, पण टर्मिनलवर तो पत्ता माणसाला वाचता येत नाही, म्हणून ‘दाखव’ बाहेर नेहमी देवनागरी मार्गच छापते आणि रूपांतर आत, पायथॉनच्या ‘क्वोट’ या फंक्शनकडून करून घेते.

ओघात आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवतो. ईएक्सटी४ या फाइल व्यवस्थेत एका नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, म्हणजे देवनागरीत ८५ चिन्हे. लेखाचे संपूर्ण शीर्षक आणि लेखकाचे नाव फाइलच्या नावात घालण्याची आमची सुरुवातीची कल्पना या मर्यादेपुढे टिकली नसती.

संध्याकाळी एक विचित्र दोष सापडला. बहुतेक फाइली बरोबर निवडल्या जात होत्या, पण ‘मुखपृष्ठ, आतील बाजू’ अशा नावाच्या फाइलींवर निरोप फिसकटत होता. ‘डीबस-सेंड’ ही आज्ञा यादीतील घटक स्वल्पविरामाने वेगळे करते, त्यामुळे आमच्या एका नावाचे ती दोन पत्ते करत होती. मी तोवर ‘क्वोट’ला स्वल्पविराम सुरक्षित चिन्हांत धरायला सांगितले होते, ती सवलत काढून घेतल्यावर स्वल्पविरामही सांकेतिक रूपात गेला आणि दोष संपला.

१५ जानेवारी २०२५, बुधवार

विंडोजवरील काम. डब्ल्यूएसएलच्या टर्मिनलमधून विंडोजचे प्रोग्रॅम थेट चालवता येतात, फक्त विंडोजच्या फाइल मॅनेजरच्या, म्हणजे ‘एक्सप्लोरर’च्या, नावापुढे ‘डॉट ईएक्सई’ हे शेपूट लिहावेच लागते. फाइल निवडून दाखवण्यासाठी ‘सिलेक्ट’ हा पर्याय आहे. त्याच्या आधी तिरपी रेघ आणि लगेच नंतर स्वल्पविराम द्यायचा असतो. रविवारी ज्या स्वल्पविरामाने सतावले, तोच इथे अनिवार्य आहे.

मार्गाच्या रूपाचा प्रश्न इथे वेगळ्या वेषात आला. लिनक्सच्या बाजूचा मार्ग एक्सप्लोररला समजत नाही, आणि समजला नाही असेही तो सांगत नाही. तो शांतपणे भलताच, नेहमीचा फोल्डर उघडून दाखवतो. ग्रंथपालांना वाटले की स्क्रिप्टने चुकीचे पान सांगितले. मार्ग ‘डब्ल्यूएसएलपाथ’ या आज्ञेला देऊन विंडोजच्या उलट्या तिरप्या रेघांच्या रूपात आणला की सर्व सुरळीत होते. लिनक्सच्या बाजूला असलेल्या फाइलीही जाळ्यावरच्या फोल्डरसारख्या पत्त्याने खिडकीत दिसतात. ही सोय विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून आहे.

तिसरा प्रश्न उत्तराचा. शेलमध्ये शून्य हा एक्झिट कोड म्हणजे यश, हा संकेत इतका रुळलेला आहे की आमच्या तपासणी स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत ‘कोणतीही आज्ञा अयशस्वी झाली तर थांब’ असे लिहिलेले आहे. एक्सप्लोरर मात्र खिडकी व्यवस्थित उघडूनही १ हा कोड परत देतो. परिणामी पहिले सदोष पान दाखवले की स्क्रिप्ट तिथेच थांबत असे आणि उरलेली यादी तशीच राहत असे. विनंती पुढे सोपवून मोकळ्या होणाऱ्या प्रोग्रॅमचा कोड यशाचा पुरावा मानू नये, हे आता मला पटले आहे. ‘दाखव’ विंडोजवर तो कोड दुर्लक्षित करते आणि त्याऐवजी विनंती करण्यापूर्वीच फाइल खरोखर अस्तित्वात आहे की नाही हे स्वतः पाहते.

१८ जानेवारी २०२५, शनिवार

फाइल अस्तित्वात आहे की नाही, हे पाहण्याच्या त्या एका ओळीने आजचा पूर्ण दिवस घेतला.

गेल्या वर्षी केलेले काही स्कॅन माझ्या मॅकला जोडलेल्या, एचएफएस प्लस या मॅकच्या जुन्या फाइल व्यवस्थेच्या बाह्य डिस्कवर होते. ते उबुंटूच्या संगणकावर आणून तपासणी सुरू केली, तेव्हा ‘दाखव’ काही पानांवर ‘अशी फाइल नाही’ असे सांगू लागली. त्याच फोल्डरची यादी टर्मिनलवर काढली तर फाइल समोर दिसत होती. नोंदवहीतील नाव आणि डिस्कवरील नाव एकाखाली एक ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहिले, काहीही फरक नव्हता. न सापडणाऱ्या नावांत ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्याची’, ‘ऱ्हास’ असे शब्द होते. ‘तिसरे’, ‘वारा’, ‘प्रवास’ अशी नावे मात्र निमूट सापडत होती. ही गोष्ट लक्षात यायला दुपार झाली, आणि ती आल्यावर कोडे सुटले.

मराठीचा हा ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक तर त्याचे स्वतंत्र चिन्ह, ज्याचे ३ बाइट होतात, किंवा साधा ‘र’ आणि त्याखालचा नुक्ता अशी दोन चिन्हे, ज्यांचे मिळून ६ बाइट होतात. युनिकोडच्या नियमानुसार दोन्ही समान मानावीत आणि पडद्यावर अक्षर रेखाटणारी यंत्रणाही ती सारखीच काढते. एचएफएस प्लस नावे साठवताना अशा अक्षरांचे घटक सुटे करून ठेवते. ईएक्सटी४ मात्र नावाकडे भाषा म्हणून न पाहता केवळ बाइटांची माळ म्हणून पाहते. आमच्या नोंदवहीतील नावे उबुंटूवर टंकलेली, म्हणून जोडलेल्या रूपात होती आणि डिस्कवरून आलेली नावे सुट्या रूपात. म्हणजे एकाच शब्दाची दोन वेगळी नावे, आणि ती वेगळी आहेत हे डोळ्यांना कळण्याचा कोणताही मार्ग नाही.

हिंदी नावांच्या फाइलींवर चाचणी घेणाऱ्याला नेमका हा ‘ऱ’ बहुधा भेटणार नाही, आणि आमच्या प्रत्येक दुसऱ्या-तिसऱ्या फोल्डरात तो असतो. मराठी फाइलींवर काम करणाऱ्या प्रत्येकाने चाचणीच्या नावांत ‘ऱ्या’ असलेला एक तरी शब्द ठेवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुरुस्ती दोन ठिकाणी केली. आलेल्या फाइलींची नावे, नावांचे संकेत बदलणाऱ्या ‘कॉन्व्हएमव्ही’ने, जोडलेल्या रूपात बदलली. ही आज्ञा प्रथम केवळ काय बदलणार ते दाखवते आणि स्पष्टपणे सांगितल्याशिवाय प्रत्यक्ष बदल करत नाही. एवढ्या पानांच्या बाबतीत तो सावधपणा मोलाचा वाटला. शिवाय ‘दाखव’मध्ये, दिलेले नाव जसेच्या तसे सापडले नाही तर फोल्डरातील प्रत्येक नाव एकाच रूपात आणून तुलना करण्याची आणि जुळलेले खरे नावच निरोपात पाठवण्याची सोय घातली.

२१ जानेवारी २०२५, मंगळवार

किरकोळ कामे. थेट ‘नॉटिलस’ चालवल्यास टर्मिनल अडकून राहते आणि टर्मिनल बंद केल्यावर खिडकीही बंद होऊ शकते. डी-बसच्या निरोपात हा प्रश्नच उरत नाही. आज्ञा मूळ प्रशासकाच्या अधिकाराने चालवली गेली तर ती काम नाकारते, कारण तशा अधिकाराने उघडलेला फाइल मॅनेजर सामान्य वापरकर्त्याच्या घरात प्रशासकाच्या मालकीच्या फाइली निर्माण करून ठेवू शकतो. वेलँड या लिनक्सच्या नव्या खिडकी-यंत्रणेवर कधीकधी नवी खिडकी मागेच राहते आणि ती तयार असल्याची केवळ सूचना वर झळकते, कारण निरोपातील प्रारंभ-ओळख, म्हणजे खिडकी कोणाच्या मागणीवरून उघडते हे सांगणारी खूण, आम्ही रिकामी पाठवतो. हे तूर्त तसेच ठेवले आहे.

२५ जानेवारी २०२५, शनिवार

आज घरून एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकावर टर्मिनल उघडण्याच्या सोयीने, वाचनालयातील संगणकावर गेलो आणि एक चाचणी म्हणून ‘दाखव’ चालवली. माझ्या पडद्यावर काहीच झाले नाही, दोषाचा संदेशही आला नाही. दोनदा पुन्हा चालवून पाहिले. थोड्याच वेळात वाचनालयातून ग्रंथपालांचा फोन आला: ‘‘अहो, इथे आपोआप फोल्डर उघडताहेत. तुम्ही काही करताय का?’’ स्कॅनिंग चालू असताना त्यांच्यासमोर तीन खिडक्या उघडल्या होत्या.

कारण समजून घेतल्यावर यात आश्चर्य काहीच राहिले नाही. स्कॅनिंगचे खाते तिथे आधीच उघडलेले होते आणि मी त्याच खात्याने दुरून आत आलो होतो. उबुंटूवर एका वापरकर्त्याची डी-बस वाहिनी एकच असते, मग तो संगणकासमोर बसलेला असो वा दुरून आलेला. माझा निरोप त्या वाहिनीवरून त्या खात्याच्या फाइल मॅनेजरपर्यंत पोहोचला आणि त्याने आपल्या पडद्यावर, म्हणजे वाचनालयातील पडद्यावर, इमानाने खिडकी उघडली.

दुसऱ्याच्या पडद्यावर न विचारता काही उघडणे मला योग्य वाटत नाही, मग ते खाते आपलेच का असेना. म्हणून ‘दाखव’ आता सर्वप्रथम एसएसएचच्या जोडणीचे चल पाहते आणि ते भरलेले असल्यास खिडकीच्या वाटेला न जाता फाइलचा मार्ग छापून थांबते. एक्स या जुन्या खिडकी-यंत्रणेच्या मार्गाने दूरची खिडकी घरच्या पडद्यावर आणणेही शक्य आहे, पण शेकडो पानांच्या लहान प्रतिमा तशा ओढत आणण्यात वेळ फार जातो. रात्री आपोआप चालणाऱ्या कामांतूनही ‘दाखव’ची हाक काढून टाकली, त्या वेळी खिडकी पाहायला कोणी नसते.

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

तिन्ही संगणकांवर आज्ञा बसवली. एका वेळी एकच फाइल दाखवायची, असे ठरवले आहे. लिनक्सवर एका निरोपात अनेक फाइली निवडता येतात, पण एक्सप्लोररचा ‘सिलेक्ट’ एकच घेतो, आणि एकाच नावाची आज्ञा दोन ठिकाणी वेगळी वागावी हे मला नको आहे.

ग्रंथपालांनी आज दुपारी पहिल्यांदा पूर्ण यादी स्वतः पाहिली. चौथ्या ओळीवर धूसर म्हणून आलेले ‘दुसऱ्या भागातील पान ४७’ खिडकीत निवडलेले दिसले. ते पान प्रत्यक्षात ठीक होते, मूळ छपाईच फिकट होती. पण त्याच्या शेजारी लहान आकारात ४८ आणि ४९ या क्रमांकांवर एकच चित्र दोनदा दिसत होते. त्यांनी कपाटातून अंक काढून आणला; ४९ वे पान ४८ व्या पानाला कडेने चिकटलेले होते. ते सुटे करून उद्या सकाळी पुन्हा स्कॅन करायचे आहे.